वैरी कीं बिऱ्हाड ? : एका जुन्या ध्रुवप्रवासाचें पुनर्वाचन

कांहीं ग्रंथ असे असतात कीं, ते लिहिले गेले त्या दिवशींच त्यांचा अर्थ कायम होतो. पुढें कितीहि पिढ्यांनीं ते वाचले तरी त्यांत भर पडत नाहीं. दुसरे कांहीं ग्रंथ मात्र जगाबरोबर पालटतात. त्यांतील एक अक्षरहि बदललेलें नसतें. बदललेलें असतें तें ग्रंथाबाहेरचें जग. आणि त्यामुळें आजोबांनीं ज्या पानावर वाहवा केली त्याच पानावर नातवाला थबकावें लागतें. ॲप्स्ले चेरी-गॅरार्ड ह्या इंग्रज गृहस्थाचा 'दि वर्स्ट जर्नी इन दि वर्ल्ड' हा १९२२ सालीं प्रसिद्ध झालेला दक्षिणध्रुवप्रदेशाच्या प्रवासाचा ग्रंथ ह्या दुसऱ्या जातीचा आहे. शंभर वर्षें तो धाडसाचा ग्रंथ म्हणून वाचला गेला. तो धाडसाचा ग्रंथ आहेच. पण नुकताच तो पुन्हां वाचीत असतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, त्याचें खरें मर्म आतां कोठें उघडूं लागलें आहे, आणि तें त्याच्या कर्त्यालाहि पुरतें दिसलें नव्हतें. तें मर्म कोणतें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

ग्रंथकर्त्याची हकीकत थोडक्यांत अशी. १९१० सालीं कॅप्टन स्कॉट 'टेरा नोव्हा' जहाजांतून दक्षिणध्रुवाकडे निघाला, तेव्हां त्याच्या मंडळींत हा २४ वर्षांचा, सुखवस्तु घराण्यांतला आणि डोळ्यांनीं अधू असा तरुण प्राणिशास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून सामील झाला. ह्या मोहिमेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. स्कॉट व त्याचे चार सोबती १९१२ च्या जानेवारींत ध्रुवावर पोंचले, तों नॉर्वेचा ॲमुंडसन त्यांच्या आधीं सुमारें पांच आठवडे तेथें येऊन गेलेला. आणि परत येतांना पांचहि जणांनीं त्या बर्फांत देह ठेवला. परंतु ग्रंथाला ज्या प्रवासावरून नांव मिळालें तो हा ध्रुवाचा प्रवास नव्हे. तो त्याच्या आदल्या हिंवाळ्यांत,— तिकडचा हिंवाळा म्हणजे आपले जून-जुलै महिने,— एका पक्ष्याच्या अंड्यांसाठीं केलेला प्रवास होय.

डॉ. एडवर्ड विल्सन हा मोहिमेंतील मुख्य शास्त्रज्ञ. त्या काळच्या कांहीं प्राणिशास्त्रज्ञांचा असा तर्क होता कीं, एम्परर पेंग्विन हा पक्षिकुळांतला अतिशय आदिम जीव असून त्याच्या अंड्यांतील गर्भ तपासला तर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे झाले ह्याचा दुवा सांपडेल. हा पक्षी अंडें घालतो तें ऐन हिंवाळ्यांत, जेव्हां त्या भागांत चार चार महिने सूर्य उगवत नाहीं अशा काळांत. तेव्हां अंडीं पाहिजेत तर त्याच काळोखांत गेलें पाहिजे. २७ जून १९११ रोजीं विल्सन, हिंदुस्थानच्या रॉयल इंडियन मरीन ह्या आरमारी खात्यांतून आलेला बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड असे तिघे केप एव्हन्स येथील लांकडी घरांतून दोन बिनचाकी स्लेज-गाड्या ओढीत निघाले, आणि सुमारें १०० किलोमीटरांवरील केप क्रोझियरला १९ दिवसांनीं पोंचले.

त्या दिवसांचें वर्णन वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. पारा एकदां उणे ६० अंश सेल्सिअसच्याहि खालीं उतरला. दोन्ही गाड्या एकदम ओढवेनात, म्हणून एक पुढें नेऊन ठेवावयाची आणि मेणबत्तीच्या उजेडांत आपल्याच पावलांच्या खुणा शोधीत दुसरीसाठीं परत यावयाचें, असा क्रम चालला; दिवसभर खपून दोन मैलांचीहि मजल होऊं नये अशी गत. तंबूंतून बाहेर पडून लेखकानें एकदां मान वर करून पाहिलें, तों अंगावरचे कपडे तशाच स्थितींत गोठले आणि पुढें चार तास त्याला मान वर धरूनच गाडी ओढावी लागली. थंडीनें दांत असे वाजत कीं शेवटीं त्यांचे तुकडे उडाले. क्रोझियरला त्यांनीं दगडांची खोपटी रचली. वादळानें तिचें कापडी छप्पर फाडून नेलें आणि तंबूहि उडवून नेला. तो तंबू दैवयोगानें खालीं उतारावर सांपडला, म्हणूनच तिघे जिवंत राहिले. पांच अंडीं मिळालीं होतीं. त्यांतील दोन वाटेंत फुटलीं. उरलेलीं तीन घेऊन मंडळी १ ऑगस्ट रोजीं परतली.

ग्रंथ म्हणून पाहतां त्यांत दोष नाहींत असें नाहीं. तो फार मोठा आहे. सगळ्या मोहिमेची हकीकत, सोबत्यांच्या रोजनिशींतील लांबलचक उतारे, अन्नसामग्रीचे हिशेब ह्यांच्या भाराखालीं मधलीं कांहीं प्रकरणें वांकतात. हिंवाळी प्रवासाचें प्रकरण हा ग्रंथाचा प्राण. उरलेला देह ठिकठिकाणीं जड आहे. पण त्याची भाषा पाहावी. ती साधी, किंचित् थट्टेखोर आणि स्वतःच्या शौर्याविषयीं मौन पाळणारी आहे. शेजारीं राहणाऱ्या बर्नार्ड शॉनें व त्याच्या पत्नीनें ह्या लेखनाच्या कामीं चेरी-गॅरार्डला उत्तेजन व सल्ला दिला होता. परंतु त्या भाषेचा संयम उसना आणलेला दिसत नाहीं. तो दुःखांतून आलेला आहे. ज्या दोघांबरोबर त्यानें अंडीं आणलीं ते विल्सन व बॉवर्स स्कॉटच्याच तंबूंत वारले. १९१२ च्या मार्चमध्यें लेखक कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ज्या कोठारापाशीं त्यांची वाट पाहून परत फिरला, त्याच कोठारापासून अवघ्या ११ मैलांवर पुढें त्यांचा शेवट झाला. ही बोच त्याला जन्मभर पुरली, आणि ग्रंथाच्या पानापानांतून ती न बोलतां बोलते.

आमच्या साहित्यशास्त्राची परिभाषा येथें उपयोगी पडते. ग्रंथाचा पूर्वभाग वीररसाचा. त्याचा स्थायीभाव उत्साह. उत्तरभाग करुणाचा, त्याचा स्थायीभाव शोक. पण दोन्ही भागांत बर्फाची भूमिका एकच, प्रतिपक्षाची. वीराच्या प्रसंगीं तो जिंकावयाचा शत्रु असतो; करुणाच्या प्रसंगीं तो प्रियजनांचा घात करणारा कृतांत असतो. ध्रुवप्रवासाच्या बहुतेक सर्व वाङ्मयांत हीच वांटणी आहे, आणि त्या वाङ्मयावर वाढलेल्या वाचकाचें मन नकळत तसें घडत जातें. थंडी म्हणजे मरण, ऊब म्हणजे जीवित. बर्फ वितळला कीं सुटका झाली. पुण्यास पारा दहा अंशांवर उतरला कीं कानटोपी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हें समीकरण पटवून द्यावेंच लागत नाहीं.

आतां ह्या समीकरणाला जेथें तडा जातो तें स्थळ पाहूं. अनेक दिवसांच्या हालांनंतर तिघे कडे उतरून समुद्रावरील बर्फावर येतात आणि संधिप्रकाशांत त्यांना पेंग्विनांचा थवा दिसतो. विल्सननें पूर्वींच्या मोहिमेंत तेथें फार मोठी वसाहत पाहिली होती. ह्या वेळीं मात्र पक्षी सुमारें शंभरच आहेत. प्रत्येक जण आपलें अंडें पायांवर तोलून, पोटाच्या कातड्याच्या घडीखालीं झांकून उभा आहे. आणि त्यांतले कांहीं,— येथें लेखकाच्या निरीक्षणाची शर्थ झाली आहे,— अंडें नसल्यामुळें अंड्याएवढा, घासून गोल झालेला, मळका बर्फाचा गोळा पायांवर घेऊन उबवीत आहेत. अपत्याची ओढ इतकी अनावर कीं पोटाशीं धरावयास दुसरें कांहीं नाहीं तर बर्फच धरावा. हें सर्व पाहून लेखक असा निर्वाळा देतो कीं, ह्या पक्ष्याच्या वांट्याला आलेले हाल सबंध पृथ्वीवर दुसऱ्या कोणाच्या वांट्याला आले नसतील.

ह्याच निर्वाळ्याशीं आमचें भांडण आहे. आपल्यावरून जग ओळखावें ही म्हण माणसामाणसांत ठीक. पक्ष्याच्या बाबतींत ती फसते. दांत फुटेपर्यंत कुडकुडलेल्या माणसानें त्या बर्फावर उभा असलेला जीव पाहिला आणि स्वतःच्या कातड्याच्या मापानें त्याचें दुःख मोजलें. असें होणें स्वाभाविक आहे. त्याबद्दल लेखकाला दोष देणें निर्दयपणाचें होईल. पण निर्वाळा चुकला तो चुकलाच. ज्याला तो हालांचें कारण समजला, तेंच त्या पक्ष्याचें बिऱ्हाड होतें.

बिऱ्हाड हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. एम्परर पेंग्विनाच्या बहुतेक वसाहती जमिनीवर नसतातच. मार्च-एप्रिलमध्यें किनाऱ्याजवळचा समुद्र गोठून तो थर कांठाला घट्ट धरून बसला म्हणजे हे पक्षी त्यावर जमतात आणि वर्षाची जागा घेतात. मे-जूनमध्यें मादी एकच अंडें घालते, तें नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठीं समुद्राकडे जाते. नर तें सुमारें ६५ दिवस उबवतो. वसाहतींत आल्यापासून मादी परत येईपर्यंत जवळजवळ चार महिने त्याच्या पोटांत अन्नाचा कण नसतो. जुलै-ऑगस्टमध्यें पिल्लूं बाहेर येतें. त्याच्या अंगावर असते ती मऊ लव. ती ऊब देते, परंतु पाणी अडवीत नाहीं. पाण्यांत टिकतील अशीं पिसें फुटावयास डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोंपर्यंत पायांखालचा बर्फ शाबूत राहिला पाहिजे. तो आधीं फुटला तर लवेनिशीं पाण्यांत पडलेलें पिल्लूं बुडतें किंवा गारठून मरतें. एवढ्या कडक हिंवाळ्यांत संसार मांडण्याचें कारणहि ह्यांतच आहे: तेव्हां सुरुवात केली तरच पिल्लूं ऐन उन्हाळ्यांत, समुद्रांत अन्नाची रेलचेल असतां, आपल्या पायांवर उभें राहतें. लेखकाला जो निष्ठुर काळोख दिसला तो ह्या कुटुंबाचा ठरलेला भाडेपट्टा होता. आणि भाडेपट्ट्याची मुदत संपण्यापूर्वीं घर पाडलें जाऊं नये, एवढीच त्याची निसर्गाकडे मागणी होती.

ती मागणी आतां अनेक ठिकाणीं पुरी होईनाशी झाली आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळील डायन बेटांवर १९४८ सालीं एक लहानशी वसाहत सांपडली होती. भोंवतालच्या समुद्रावर बर्फ टिकण्याचा काळ कमी कमी होत गेला आणि २००९ सालीं तेथें एकहि पक्षी उरला नव्हता. वेडेल समुद्राच्या कांठची हॅले बे येथील वसाहत जगांत दुसऱ्या क्रमांकाची मानली जाई. बर्फ अवेळीं फुटूं लागल्यामुळें २०१६ पासून लागोपाठ तीन वर्षें तेथें जवळजवळ एकहि पिल्लूं वाढलें नाहीं, आणि बरेच पक्षी शेजारच्या वसाहतीकडे निघून गेले. २०२२ सालीं बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या कांठच्या पांच वसाहतींपैकीं चार ठिकाणीं पिसें फुटण्यापूर्वींच बर्फ नाहींसा झाला. एकहि पिल्लूं वांचलें नसावें, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं आपल्या कायद्याखालीं ह्या पक्ष्याला 'संकटाच्या छायेंतील' जातींत घातलें. १९७९ पासून कृत्रिम उपग्रहांच्या साह्यानें समुद्रबर्फाची अखंड मोजणी चालू आहे; तींत २०२३ च्या फेब्रुवारींत दक्षिणेकडील बर्फ १७.९ लाख चौरस किलोमीटरांवर उतरला, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांतील भर हिंवाळ्याचा विस्तार १ कोटि ७० लाखांच्या किंचित् आंत राहिला. उन्हाळ्याचा नीचांक आणि हिंवाळ्याचा नीचांक हे दोन्ही एकाच वर्षांत नोंदले गेले.

येथें घाई करून भागणार नाहीं. दक्षिणेकडील समुद्रबर्फ २०१४ पर्यंत थोडाफार वाढतच होता. तो एकाएकीं कां घटूं लागला, त्यांत वाऱ्याचा वांटा किती व समुद्राच्या पोटांतील उष्णतेचा किती, ह्याबद्दल शास्त्रज्ञांत अजून खल चालू आहे. फुटणारा प्रत्येक बर्फ माणसाच्या माथीं मारतां येत नाहीं. खुद्द केप क्रोझियरचेंच उदाहरण घ्या. २००० सालीं तेथील हिमभित्तीपासून सुमारें ११,००० चौरस किलोमीटरांचा अजस्र हिमनग सुटला; त्याचा भाग २००१ सालीं क्रोझियरपाशीं येऊन आदळला आणि त्या वर्षीं वसाहतीचा संसार मोडला. असे हिमनग निसर्गक्रमानें सुटतच असतात. हें तापमानवाढीचें कृत्य म्हणतां येत नाहीं. पुढें ती वसाहत हळूहळू पुन्हां भरली. आणि इतकी दक्षिणेस असल्यामुळें तिच्या आसपासचा रॉस समुद्र हाच ह्या पक्ष्यांचा अखेरचा आसरा ठरेल असें मानतात. पण वाऱ्याची दिशा एखाद्या झुळुकेवरून ठरत नसली तरी ती ठरतच नाहीं असें नव्हे. तिघे काळोखांत निघाले तेव्हां हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें ३०० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हें वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासून तोंपर्यंतचें सर्वांत उष्ण ठरलें. ही उष्णता पुष्कळशी समुद्रच पोटांत घेतो, आणि बिऱ्हाड त्या समुद्रावरच आहे.

ह्या नव्या परिस्थितीला शोभेल असें वाङ्मय किंवा चित्र आपल्या काळानें निर्माण केलें आहे काय ? दोन नमुने पाहूं. ल्यूक जाके ह्या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'मार्च ऑफ दि पेंग्विन्स' हा २००५ सालचा चित्रपट जगभर गाजला. तो सुंदर आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु त्यांत पेंग्विनाचें सगळें आयुष्य प्रीति आणि वात्सल्य ह्यांची कथा करून टाकलें आहे. थंडी पुन्हां खलनायकाच्या जागीं, आणि प्रेक्षक पुन्हां त्या थंडीला शाप देत घरीं परततो. ज्या ॲडेली लँडच्या किनाऱ्यावर तो चित्रित झाला, तेथील वसाहत १९७० नंतरच्या दशकांत, समुद्रबर्फ कमी असलेल्या उबदार वर्षांत, जवळजवळ निम्म्यावर आली होती. थंडी घटली तेव्हां ह्या पक्ष्यांचा घात झाला, ही गोष्ट त्या कथेच्या सांच्यांत बसतच नाहीं. म्हणून ती त्यांत नाहीं.

दुसरा नमुना उत्तरेकडचा. २०१७ सालीं कॅनडाच्या उत्तर टोकाकडील सॉमरसेट बेटावर हाडांचा सांपळा झालेल्या एका पांढऱ्या अस्वलाचें चलच्चित्र घेतलें गेलें. कोट्यवधि लोकांनीं तें पाहिलें व हळहळ व्यक्त केली. पुढच्याच वर्षीं तें प्रसृत करणाऱ्या प्रसिद्ध मासिकाला कबूल करावें लागलें कीं, ह्या एका अस्वलाची उपासमार हवामानबदलामुळेंच झाली असें सांगण्यांत आपण मर्यादा ओलांडली. येथें करुणरस आहे, पण त्याला आधार नाहीं. आणि आधार नसलेला करुणरस उलटला म्हणजे तो खऱ्या दुःखाचीहि पत घालवतो. वास्तविक हडसन उपसागराच्या पश्चिम कांठच्या अस्वलांची संख्या २०१६ मध्यें अंदाजें ८४२ होती ती २०२१ मध्यें ६१८ भरली. हा आंकडा कोरडा आहे, त्यानें डोळ्यांत पाणी येत नाहीं; पण त्या एका मरणोन्मुख अस्वलापेक्षां तो अधिक बोलतो. सारांश, एका कृतींत सत्याचा भाग गाळला आहे, दुसरींत तो फुगवला आहे. आणि दोहोंचा हेतु आपल्याला कळवळा यावा हाच आहे.

चेरी-गॅरार्डचें श्रेष्ठत्व ह्या तुलनेंत उमगतें. त्याला आपला कळवळा नको होता. त्यानें जें पाहिलें तें लिहिलें, आणि त्याच्या मताविरुद्ध जाणारें असलें तरी लिहिलें. बर्फाला तो शत्रु म्हणतो, आणि त्याच पानावर बर्फाचा गोळा पोटाशीं धरून बसलेला पक्षी दाखवतो. त्याच्या मताची मुदत संपली. त्याच्या निरीक्षणाची संपलेली नाहीं.

कोणी आक्षेप घेईल कीं, ग्रंथकर्त्याच्या मनांत नसलेला अर्थ आपण त्याच्या गळ्यांत बांधीत आहों. आजच्या चिंतेचें ओझें शंभर वर्षांपूर्वींच्या पाठीवर लादणें ही टीका नव्हे. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. एखाद्या पुराणकथेंत विमानविद्या शोधणाऱ्या पंडितांना आपण हंसतों, तें योग्यच आहे. पण दोहोंत अंतर आहे. तेथें नसलेली वस्तु आहे म्हणून दाखविली जाते. येथें ग्रंथांत असलेली वस्तु,— बर्फावर उभी वसाहत, पायांवरचें अंडें, बर्फाचा गोळा,— आहे तशीच ठेवून आपण फक्त इतकेंच विचारतों कीं, लेखकानें तिचा लावलेला अर्थ आज पटतो का. हा अधिकार वाचकाला नसेल तर जुने ग्रंथ वाचण्याचें प्रयोजनच उरणार नाहीं. मात्र त्या अर्थाचें श्रेय लेखकाला देऊं नये, आणि तो न दिसल्याचा दोषहि त्याच्यावर ठेवूं नये, एवढें पथ्य टीकाकारानें पाळावें.

ह्या दृष्टीनें त्या तीन अंड्यांची पुढची कथा मोठी मार्मिक आहे. १९१३ सालीं चेरी-गॅरार्ड तीं घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्यें गेला, तेव्हां त्याचें स्वागत कसें थंडपणें झालें आणि पोंचपावतीसाठीं त्याला कसें ताटकळत बसावें लागलें, हें त्यानें कडवट विनोदानें सांगितलें आहे. पुढें १९३४ मध्यें त्या गर्भांवरील अहवाल निघाला. पेंग्विनाच्या गर्भविज्ञानांत त्यांनीं फारशी भर घातली नाहीं, असा त्याचा आशय होता. ज्या सिद्धांतासाठीं तिघांनीं प्राण पणाला लावले तोहि तोंपर्यंत मावळला होता. तेव्हां प्रवास फुकट गेला म्हणावें काय ? अंड्यांच्या दृष्टीनें कदाचित् तसें म्हणतां येईल. पण हा पक्षी मध्यरात्रीसारख्या हिंवाळ्यांत समुद्रावरील बर्फावर उभा असतो, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून सांगणारी माणसें त्यापूर्वीं नव्हतीं. आज शास्त्रज्ञ उपग्रहांच्या छायाचित्रांत पांढऱ्या बर्फावरील तपकिरी डाग शोधतात. तो डाग ह्या पक्ष्यांच्या विष्ठेचा. २००९ पासून ह्या पद्धतीनें एकामागून एक वसाहती उजेडांत आल्या, आणि आज त्यांची ज्ञात संख्या साठाच्या वर आहे. ज्या दर्शनासाठीं चेरी-गॅरार्डनें दांत गमावले, तें आतां मेजावर बसून घडतें. आणि डाग कोणत्या वर्षीं पुसला गेला, हेंहि त्याच मेजावर दिसतें. ज्ञानाचा उपयोग केव्हां व कशासाठीं होईल, हें तें मिळविणाऱ्याला ठाऊक नसतें. त्यानें तें प्रामाणिकपणें मिळवून ठेवावें, इतकेंच त्याच्या हातीं आहे.

हा सर्व विषय मराठी वाचकाला दूरचा वाटेल. परंतु तो वाटतो तितका दूरचा राहिलेला नाहीं. हिंदुस्थानची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती. पुढें 'मैत्री' आणि 'भारती' हीं ठाणीं तेथें उभीं राहिलीं. आणि ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आज वास्को-द-गामा येथें आहे. असें असून आमच्या भाषेंत आभाळांतून भुरभुरणारा, डोंगरावर सांचलेला, समुद्रावर धरलेला आणि सरबतांत घातलेला, ह्या सगळ्यांना आम्ही एकच 'बर्फ' म्हणतों. फार तर 'हिम' म्हणून वेळ मारून नेतों. हा ग्रंथ कोणी मराठींत उतरवूं लागला तर त्याला पहिली अडचण येईल ती हीच. किनाऱ्याला धरून राहिलेल्या समुद्रबर्फाला नांव नसेल, तर तो नाहींसा झाल्याचें दुःख तरी कोणत्या शब्दांत सांगावयाचें ? भवभूतीच्या वंशजांना करुणरस शिकवावयास नको. पण करुणाला आलंबन लागतें, आणि आलंबनाला आधीं नांव लागतें.

येत्या हिंवाळ्यांत ज्या घरांत रात्रीं मुलांना कांहीं वाचून दाखविण्याची रीत असेल, त्या घरीं ह्या ग्रंथांतील निदान तें एक प्रकरण वाचलें जावें, अशी आमची शिफारस आहे. मुलांना तंबू उडून गेल्याची, दांत फुटल्याची, अंडीं वांचविल्याची गोष्ट आवडेलच. पण बर्फाचा गोळा उबवणाऱ्या पक्ष्यापाशीं आलें म्हणजे वाचणाऱ्यानें क्षणभर थांबावें आणि विचारावें कीं, ह्या गोष्टींत शत्रु कोण होता. बहुतेक मुलें थंडीचेंच नांव घेतील. मग त्यांना डिसेंबरपर्यंत टिकावा लागणाऱ्या बर्फाची आणि २०२२ सालच्या चार वसाहतींची हकीकत सांगून तोच प्रश्न पुन्हां एकदां विचारावा. आणि ह्या वेळीं उत्तराची घाई करूं नये.